चाळीस पावलांवर उजवीकडे

सात वाजायला दहा मिनिटं

"पाण्यापर्यंत बावीस पावलं," मोजणीवाले म्हणाले. "शेवटची तीन उताराची. मग गार लागेल, दचकू नका."

वेतवाल्यांनी मोजली. बावीस. शेवटची तीन उताराची. गार मात्र लागलं नाही. अजून सातसुद्धा वाजले नव्हते आणि तलाव कोमट होता, कोणी तरी रात्रभर झाकून ठेवल्यासारखा.

"गार नाही लागलं," ते म्हणाले.

"तापमान माझ्या खात्यात येत नाही. मी अंतराचा माणूस."

अंतराचा माणूस हे खरंच होतं. जमीन मोजणीच्या कचेरीत चौतीस वर्षं काढलेला हा गृहस्थ. साखळी, फीत, दुर्बीण, हद्दीचे दगड, हेच आयुष्य. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी चालताना आपलं पाऊल पंच्याहत्तर सेंटिमीटरांच्या वरखाली पडत नाही, असं ते छातीठोक सांगत. वेतवाल्यांना ते पटायचं, कारण आजवर एकदाही त्यांचा आकडा चुकून ते कशावर आदळले नव्हते. वेतवाले खुर्च्या विणत. वेताच्या बैठकी, वेताच्या पाठी, मोडक्या आल्या की नव्या करून द्यायच्या. एकोणिसाव्या वर्षी दिसायचं पूर्ण थांबलं, आता वय सत्तावन्न.

या दोघांना जोडणारी दोन माणसं होती, वेतवाल्यांची लेक आणि मोजणीवाल्यांचा मुलगा. पाच वर्षांपूर्वी त्यांचं लग्न झालं, म्हणून हे दोघे एकमेकांचे व्याही. उद्या, सोमवारी सकाळी अकरा वाजता, ती दोन माणसं कोर्टात एका कागदावर सह्या करणार होती. भांडण नव्हतं, आदळआपट नव्हती. "नुसतं संपलंय, बाबा," लेक म्हणाली होती, आणि वेतवाले काही बोलायच्या आत तिने बजावलं होतं, "ही खुर्ची तुम्ही विणायला घ्यायची नाही."

हे दोघांना ठाऊक होतं. दोघांना ठाऊक आहे, हेही दोघांना ठाऊक होतं. पण गेले तीन महिने दर रविवारी एका सायकलवर पुढेमागे बसून घाम गाळताना त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. फक्त एवढं झालं की वेतवाले पूर्वी थट्टेने "व्याहीबुवा" म्हणायचे, ते बंद झालं. "अहो" आणि "ऐका" यांवर काम भागत होतं.

आज वेतवाल्यांना धास्ती होती ती शर्यतीची नव्हती. पोहणं, सायकल, धावणं, मिळून एकशे तेरा किलोमीटर. अवघड होतं, पण संध्याकाळपर्यंत संपणारं होतं. धास्ती पुढच्या रविवारची होती. व्याही नसलेला माणूस सकाळी सहाला दारात सायकलची घंटा कशाला वाजवेल? आणि आपण त्याला कुठल्या तोंडाने बोलवायचं?

शिट्टी झाली.

पाणी

दोर वेतवाल्यांनीच केला होता. बैठकीच्या खालून बांधतात त्या सुती दोरीचे तीन पदर, आत रबर, दोन्ही टोकांना फास. पोहताना मांडीला, धावताना मनगटाला. लांबी पाऊण मीटर, मोजणीवाल्यांनी तीनदा मोजून घेतलेली. न दिसणाऱ्या स्पर्धकाबरोबर वाटाड्या चालतो, पण त्याने ओढायचं नाही, पुढे जायचं नाही, बाजूला राहायचं, असा नियम. पाण्यात बोलता येत नाही म्हणून हिसक्यांच्या खुणा ठरलेल्या. एक म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे थांबा.

पाण्यात वेतवाल्यांना निराळं वाटायचं कारणच नव्हतं. गढूळ पाणी, शेकडो हातपाय घुसळतायत, तिथे कोणाला काय दिसणार? कोणाची टाच त्यांच्या कानाजवळून गेली. डाव्या अंगाला मोजणीवाले भिंतीसारखे पोहत होते आणि भिंतीवर धडाधड लाथा बसत होत्या. पन्नास मिनिटांनी दोघे काठावर आले.

"किती बसल्या?" वेतवाल्यांनी विचारलं.

"चार. त्यातली एक तुमची."

अठरा पावलं (पाच वर्षांपूर्वी)

ही ओळख कशी झाली, ते इथेच सांगून टाकलेलं बरं.

मुलांच्या लग्नाच्या दिवशी दोन बापांना शेजारी शेजारी खुर्च्या देऊन सगळे आपापल्या गडबडीला लागले. वेतवाल्यांनी आधी खुर्ची बोटांनी चाचपली, वेत प्लास्टिकचा निघाला, म्हणून तोंड वाकडं केलं. मग त्यांना जरा बाहेर मोकळ्या हवेत जावंसं वाटलं. दार कुठे आहे, असं त्यांनी शेजारच्या नव्या व्याह्यांना विचारलं.

आयुष्यभर हा प्रश्न विचारून त्यांना तीन उत्तरं मिळत आली होती. "इकडे." "ते काय समोर." आणि सगळ्यात वाईट म्हणजे दंडाला धरून नेणं, पोतं नेल्यासारखं.

शेजारचा माणूस म्हणाला, "उठून तोंड आहे तसंच ठेवा. अठरा पावलं. मग दोन पायऱ्या खाली, दुसरी जरा बुटकी आहे. दाराची कडी उजव्या हाताला, कमरेच्या वर चार बोटं."

वेतवाले गेले. अठरा पावलं, दोन पायऱ्या, दुसरी बुटकी. कडी हाताखाली आली. ते बाहेर जाऊन उभे राहिले आणि त्यांना चक्क भरून आलं. आत येऊन त्यांनी विचारलं, तुम्हाला हे कसं ठाऊक? तो माणूस ओशाळून म्हणाला की कार्यक्रम लांबला म्हणून आपण मघाशी हॉल मोजून ठेवला.

त्यानंतरचा पहिला रविवार, मग दुसरा. आधी चालणं, मग दोघांची सायकल, मग कोणी तरी सांगितलं म्हणून पोहणं. मोजणीवाल्यांची पत्नी आधीच गेलेली. मुलगा लग्न करून वेगळ्या घरात. रविवारी त्या माणसाला कोणी तरी वाट पाहणारं हवं होतं आणि वेतवाल्यांना कोणी तरी आकड्यांत बोलणारं. वेतवाल्यांची बायको म्हणायची, लग्न मुलांचं लावलं, संसार तुम्ही दोघांनी थाटला. मुलं एकमेकांपासून वेगळी राहायला लागली त्या आठवड्यात मात्र तिने थट्टा केली नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यांचं ती दोघं बघून घेतील. मला घोर तुमच्या दोघांचा आहे."

वेतवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

सायकल

"मागच्या चाकात हवा कमी आहे," दहाव्या किलोमीटरला वेतवाले मागच्या सीटवरून म्हणाले.

"पहाटे यंत्र लावून भरलीय."

"यंत्र तुमचं असेल. बूड माझं आहे."

"यंत्र खोटं बोलत नाही."

"बूडही बोलत नाही."

हा वाद त्यांना पाच-सहा किलोमीटर पुरला. मग ऊन चढलं आणि वाद सुकून गेला. ऊन वरून येत होतं तसं खालूनही. डांबर मऊ पडलं होतं, चाकांचा आवाज चिकट झाला होता. वारा होता, पण भट्टीचं दार उघडावं तसा. अकरा वाजता कुठल्याशा भोंग्यावरून सांगितलं की पारा एकोणचाळीसवर आहे, स्पर्धकांनी पाणी पीत राहावं. मोजणीवाले हिशोबाने बाटली मागे देत होते. तीन घोट, पाच मिनिटं, पुन्हा तीन घोट. त्यांच्या स्वतःच्या बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज बराच वेळ आला नाही, हे वेतवाल्यांच्या कानाने टिपलं. पण कानाने टिपलेलं डोक्यापर्यंत पोचायला उन्हात वेळ लागतो.

सत्तराव्या किलोमीटरला मोजणीवाले म्हणाले, "वेतवाले, ऐका..."

वेतवाले ऐकत होते. पुढच्या पाठीने मोठा श्वास घेतला. चढाच्या आधी घेतात तो हा श्वास नव्हता. त्याची लांबी वेगळी होती.

"...पुढे चढ आहे. सहाशे मीटर."

चढ सहाशे मीटरचाच होता. पण श्वास त्याचा नव्हता, हे वेतवाल्यांनी ओळखलं. त्यांचेही ओठ हलले होते. मग त्यांनी नुसतं पेडल दाबलं.

धावणं: पहिली फेरी

सात किलोमीटरची वाट, तीन वेळा.

पाण्याची टेबलं. स्पंज घ्या, टोपीखाली बर्फ. आता चाळीस पावलांवर उजवीकडे.

अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. उजवीकडे.

डाव्या कानाला जनरेटरची घरघर. मग कापलेल्या गवताचा वास. मग सावलीचा एक पट्टा, अकरा पावलांचा. मग काही नाही, नुसतं ऊन, दोन हजार दोनशे पावलं.

दोर ओला. दोन्हीकडून ओला. वेतवाल्यांचं सगळं आयुष्य ओल्यासुक्यावर गेलेलं. वेत भिजला की बोटांचं ऐकतो, वाळला की ताणतो. षट्कोनी जाळी भरून झाली की बैठक वाळू द्यायची आणि टिचकी मारायची. डफासारखी वाजली की काम जमलं. तसा दोर आत्ता बोटांचं ऐकत होता. दोघांचा घाम त्यात मुरला होता, कोणाचा कुठला ते कळू नये इतका.

पहिली फेरी जुळली. सगळे आकडे जुळले.

धावणं: दुसरी फेरी

टेबलं. स्पंज.

"चाळीस पावलांवर उजवीकडे," मोजणीवाले म्हणाले, पण टेबलं मागे पडून थोडा वेळ झाल्यावर.

एकतिसाव्या पावलालाच वळण आलं. वेतवाल्यांचा खांदा आडव्या लावलेल्या कापडी फलकाला घासला.

"माफ करा," मोजणीवाले म्हणाले.

नऊ पावलांची चूक. हा माणूस कधी अर्ध्या पावलाने चुकला नव्हता. वेतवाल्यांनी विचारलं, बरं वाटतंय ना? मोजणीवाले म्हणाले की अगदी ठणठणीत. मग अकरा पावलांची सावली येणार म्हणाले आणि सावली आलीच नाही, ती केव्हाच मागे गेली होती.

धावणं: चौदावा किलोमीटर (मोजणीवाल्यांच्या मते सोळावा)

"किती झाले?"

"सोळा."

पण तिसरी फेरी तर आत्ता कुठे सुरू झाली होती. फेरी सुरू होते तिथला भोंगा नुकताच डाव्या हाताला गेला होता. सात दुणे चौदा. हे कळायला मोजणीच्या कचेरीत चौतीस वर्षं काढावी लागत नाहीत.

 वेतवाल्यांनी बोटांनी दोर पुढे चाचपत नेला. त्यांच्या बाजूने दोर चिंब होता. मध्यावर दमट. पलीकडच्या फासाजवळ कोरडा.

धावणं: सतरावा किलोमीटर

टेबलं. मोजणीवाल्यांनी स्पंज घ्यायला सांगितलं नाही, थांबलेही नाहीत. "चाळीस पावलांवर डावीकडे," ते म्हणाले.

डावीकडे जनरेटर होता. तो त्याच जागी घरघरत होता.

वेतवाल्यांनी हात लांब करून त्यांचा दंड धरला. कातडी तापलेली आणि पूर्ण कोरडी, उन्हात विसरलेल्या वेतासारखी. असा वेत वाकवला की मोडतो. आधी आवाजही करत नाही.

"थांबू या," वेतवाले म्हणाले.

मोजणीवाल्यांनी ऐकलं नाही. साडेतीनला वाट बंद होते, हातात तासभर आहे, चारच किलोमीटर उरलेत, असं काहीबाही ते सांगत सुटले. त्यांची जीभ जड झाली होती. चौदा महिने, ते म्हणत होते, चौदा महिने घाम गाळलाय, वेतवाले, कमान आलीच समजा.

कमान ही वेतवाल्यांची हौस होती. शर्यतीच्या शेवटी हवा भरलेली एक मोठी रबरी कमान असते, असं मोजणीवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं, उंची, रुंदी, सगळ्यानिशी. तेव्हापासून वेतवाल्यांना तिला हात लावायचा होता. शेवट म्हणजे लोकांना दिसणारी गोष्ट. हाताला लागणारा शेवट त्यांना ठाऊक नव्हता. त्यासाठी त्यांनी आयोजकांना पत्र धाडून परवानगीसुद्धा मागितली होती, आणि ती मिळालीही होती.

आता हा माणूस स्वतःसाठी थांबायचा नाही, हे वेतवाल्यांना कळून चुकलं. कोणासाठी थांबेल, तेही कळलं. म्हणून त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं असं एक सोंग केलं. "मला गरगरतंय," असं म्हणून ते भर रस्त्यात मटकन खाली बसले.

मोजणीवाले तत्क्षणी थांबले. गुडघ्यांवर बसले, एक हात वेतवाल्यांच्या मानेखाली, दुसऱ्या हाताने स्वतःच्या कमरेची बाटली. जवळजवळ भरलेली होती ती. सगळं पाणी त्यांनी वेतवाल्यांच्या डोक्यावर ओतलं, शेवटचा थेंबही झटकला. "काही होत नाही," ते पुटपुटत होते, "काही होत नाही, मी आहे ना." वेतवाले आपलं खोटं मानेवरून ओघळू देत बसून राहिले.

कोणी तरी पळत आलं, शिट्टी वाजली. जवळ वाकलेल्या माणसाच्या कानात वेतवाले हळूच म्हणाले, "मी ठीक आहे. यांना उचला."

तंबू

ताप चाळीसच्या वर. बर्फ काखेत, बर्फ मानेखाली, अंगावर ओल्या चादरी. डॉक्टरीणबाई कमी शब्दांची होती. वेळेत आणलंत, म्हणाली, आणखी दोन किलोमीटर गेले असते तर आपण वेगळं काही बोलत असतो.

मग शिट्टीवाली बाई आली. शर्यतीच्या नियमांचं पाहणारी. तिने वेतवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं की अजून चाळीस मिनिटं आहेत. राखीव वाटाड्या बाहेर उभा आहे, ताज्या दमाचा, नियमात बसतं. चार किलोमीटर तो सहज नेईल. तुमची तब्येत तर उत्तम दिसतेय. इथे बसून तुम्ही करणार तरी काय?

प्रश्न बरोबर होता. वेतवाल्यांना मोह झाला, आणि तो खोटा म्हणण्यात अर्थ नाही. पाय चालत होते. कमान चार किलोमीटरवर होती. परत कधी हा योग येईल? उद्यानंतर तर...

दोर त्यांच्या मनगटाला होता. दुसरं टोक कुठे गेलं म्हणून त्यांनी चाचपलं. ते खाटेवर होतं, मोजणीवाल्यांच्या मुठीत. शुद्ध अर्धवट होती, पण मूठ घट्ट. परिचारिका म्हणाली की आम्ही सोडवून पाहिली, सुटत नाही. वेतवाल्यांनी त्या मुठीवर बोटं ठेवली. गाठी, फास, पीळ सोडवणं हा त्यांचा धंदा होता. एकेक बोट उचलून ही मूठ त्यांना अर्ध्या मिनिटात सोडवता आली असती.

त्यांनी बोटं तशीच वर ठेवली.

"बदली नको," ते शिट्टीवालीला म्हणाले. "त्याला आकडे माहीत नसणार."

शिट्टीवालीने खाली बसून त्यांच्या घोट्याची वेळमोजणीची पट्टी सोडली. हे ती हळुवारपणे करत होती, त्यामुळे जास्तच लागलं.

मग परिचारिका कागद घेऊन आली. रुग्णाचं वय? बासष्ट. औषधं? रक्तदाबाची एक गोळी, सकाळी. कशाची ऍलर्जी? नाही, फक्त वांगं आवडत नाही. वेतवाल्यांना सगळं तोंडपाठ होतं.

"आणि तुम्ही त्यांचे कोण?"

"व्याही," वेतवाले म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग खरं ते सांगावं म्हणून म्हणाले, "उद्या अकरा वाजेपर्यंत."

पेन थांबलं. "आणि अकरानंतर?"

"ते विचारायचं राहून गेलंय."

परिचारिका वयाने लहान असावी.  तिने कागद वाचून दाखवला. इथे चारच चौकोन आहेत. पती-पत्नी. आईवडील-मुलं. भावंडं. इतर.

"मग इतर."

"थांबा," खाटेवरून आवाज आला.

बर्फ हलला. मोजणीवाल्यांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले, आणखी एक घेतला. मग त्यांनी विचारलं की किती चुकलो. वेतवाल्यांनी सांगितलं: आधी नऊ पावलं, मग दोन किलोमीटर, मग डावं-उजवं.

"उन्हामुळे," वेतवाले म्हणाले.

"उन्हामुळे नंतर. आधी मी मोजतच नव्हतो."

"मग काय करत होतात?"

"वाक्य जुळवत होतो."

तंबूच्या कापडावर वारा आपटत होता. वेतवाल्यांनी विचारलं, कधीपासून? मोजणीवाले म्हणाले, सायकलच्या सत्तराव्या किलोमीटरपासून. चढाच्या आधी बोलणार होतो, धीर झाला नाही. मग धावताना म्हटलं, या फेरीत नाही तर पुढच्या फेरीत. चार-पाच तऱ्हांनी जुळवून पाहिलं. मुलांचं काय ते मुलांचं, इथून एक सुरू होत होतं. एकात तर तुमच्या लेकीची माफीसुद्धा मागून झाली. पण शेवटाला गेलं की सुरुवात हातातून सुटायची, आणि दोन गोष्टी एकदम मोजता येत नाहीत हो माणसाला.

"त्यातलं सगळ्यात आखूड कुठलं?"

मोजणीवाल्यांनी श्वास घेतला. सकाळचाच श्वास, त्याच लांबीचा. "पुढच्या रविवारी येऊ का?"

परिचारिका कागदाकडे बघत उभी राहिली असावी. पेनचा आवाज नव्हता. चादरीतून पाणी ठिबकत होतं. वेतवाल्यांना काही तरी छानसं बोलायचं होतं. तीन महिने तेही जुळवत होते की. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मागच्या चाकात हवा भरून या," ते म्हणाले.

"हवा आहे त्यात."

"नाही."



"बरं," मोजणीवाले म्हणाले. "भरून येतो."

मूठ सुटली, तेव्हा वेतवाल्यांची बोटं तिथेच होती.

चौकोनाचं काय करू, परिचारिकेने विचारलं. मोजणीवाले म्हणाले, मोकळा ठेव, बाळ. मोकळ्या जागेवर आमच्या कचेरीत कोणी हरकत घेत नाही.

साडेतीन

वेतवाल्यांची बायको तंबूत शिरली ती बोलतच. शेवटाच्या कमानीपाशी तीन तास उन्हात उभी होते, प्रत्येक लंगडणाऱ्या माणसात तुम्हाला शोधत होते, आणि मला शेवटी भोंग्यावरून कळावं? तिने आधी मोजणीवाल्यांच्या कपाळाला हात लावला, मग नवऱ्याच्या. मग दोघांनाही झापलं.

"पोरं निदान शहाण्यासारखी वेगळी होतायत. तुम्ही काय एकमेकांना मारून मोकळे होणार होतात?"

"यांनी माझ्यासाठी पाणी पिणं सोडलं," वेतवाले म्हणाले.

"यांनी मला खोटं सांगून बसवलं," मोजणीवाले म्हणाले.

"शोभता अगदी," ती म्हणाली, आणि खाटेच्या कडेवर बसली. मग आवाज उतरवून नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या कमानीला मी हात लावून आले. काही विशेष नाही. रबर तापलंय, चटका बसतो. वर मारलेल्या अक्षरांचे पोपडे निघतायत."

"मऊ आहे की कडक?"

तिने विचार केला. "तुमची बैठक विणून पहिल्या दिवशी लागते ना, वाळायच्या आधी? तशी."

वेतवाल्यांनी मान हलवली. कळलं त्यांना.

डॉक्टरीणबाईने सांगितलं की धोका टळलाय, पण आजचा दिवस दवाखान्यात काढायचा, लक्ष ठेवायला. गाडी मागच्या दाराशी लागली होती. मोजणीवाल्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलं. ढकलायला माणूस पुढे आला, तर वेतवाल्यांनी खुर्चीच्या मुठी आधीच धरल्या होत्या. त्यांनी वाकून बैठक चाचपली. प्लास्टिकचं कापड निघालं. तोंड वाकडं केलं.

"अहो, तुम्हाला दिसत नाही," तो माणूस गोंधळून म्हणाला.

"त्यांना दिसतं," वेतवाले म्हणाले. "बोला, व्याहीबुवा."

शब्द निघून गेला. उद्या अकरा वाजेपर्यंत तो वापरायला हरकत नव्हती, आणि नंतर कोण तपासायला येणार होतं?

 खुर्चीतला माणूस जमिनीकडे बघत असावा, पुढे दाराकडे, मग परत जमिनीकडे. घसा साफ केला.

"चाळीस पावलांवर उजवीकडे. मग उताराची फळी, गाडीत चढणारी. चाकं सरळ ठेवा."

बायको बाजूने चालत होती. वेतवाले मोजू लागले. बाहेर ऊन अजून तसंच होतं, मानेवर बसलेलं. दहा. वीस. चाकाखाली खडी आली, गेली. तीस. पाय दुखतायत हे त्यांना आत्ता पहिल्यांदा जाणवलं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. वळण आलं नाही.  मग त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं आणि चाक अलगद उजवीकडे वळून फळीला टेकलं.

"एक्केचाळीस," ते म्हणाले.

"चाळीसच आहेत," मोजणीवाले म्हणाले. "तुमचं पाऊल आज आखूड पडतंय."

"माझं पाऊल ठीक आहे."

"मी मोजलंय."

"मीही मोजलंय."

बायको म्हणाली की गाडीत चढा आधी, वाद आत बसून घाला. ते चढले, आणि आत बसून त्यांनी तो घातला.